भात, झोल आणि काकूंची खानावळ: कोलकात्यात पाच दिवस

गुरुवार

गीतांजली एक्सप्रेस नागपूरला संध्याकाळी येते, पण बाबा दुपारी तीनपासूनच तयार होऊन बसले होते. आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. ती स्वतः मात्र आली नाही. "तुम्ही बापलेकी पाच दिवस मासोळ्याच खाणार. मला संदेश आणा, बस," एवढंच म्हणाली.

बाबा साकोलीकडचे. भंडारा जिल्हा तळ्यांचा, त्यामुळे रोहू, कतला आणि झिंगे खातच ते वाढले. कोकणात आमचं जाणंयेणं आहे. तिथल्या सुरमई-पापलेटाचं बाबा मनापासून कौतुक करतात आणि घरी आले की बाजारातून रोहूच आणतात. तिकडचे स्नेही गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडतात, तेव्हा बाबा काहीच बोलत नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला कायम टोचत आलंय. म्हणून यंदा जानेवारीत ठरवलं: याच माशाला जिथे मान आहे त्या शहरात त्यांना न्यायचं आणि नुसतं खात फिरायचं. बघण्यासारखं बाकी काही असेल ते वेळ उरला तर.

नियम एकच केला. दिवसाला एक पोटभर जेवण, बाकी सगळं दोघांत एक.

शुक्रवार

दुपारी हावडा. स्टेशनातूनच मेट्रो धरली. २०२४ च्या मार्चपासून ती हुगळी नदीच्या खालून जाते. एस्प्लनेडला गाडी बदलून जतीन दास पार्कला उतरलो. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं, तोंड धुतलं आणि सरळ रासबिहारीच्या चौकाजवळचं 'तरुण निकेतन' गाठलं. हे पाईस हॉटेल.

पाईस म्हणजे पैसा. जिल्ह्याजिल्ह्यातून शिकायला, कारकुनी करायला आलेली एकटी माणसं मेसबाडीत खोली घेऊन राहायची. त्यांना काही पैशांत घरच्यासारखा भात मिळावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही हॉटेलं निघाली. थाळी नावाचा प्रकारच नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, मासा वेगळा आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. कित्येक ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा वेगळे पैसे. वरवर पाहता हे काटेकोर वाटतं, पण त्यामागे मोठा विचार आहे. ज्याच्याकडे आज कमी पैसे आहेत त्याने भात, डाळ आणि एक भाजी घ्यावी. शेजारच्याने चिंगडी म्हणजे कोळंबी घेतली म्हणून याचं पान काही वेगळं दिसत नाही.

वाढपी आला आणि बाबांकडे वाकून म्हणाला, "काकू, की खाबेन?"

बाबा एकदम थबकले. बंगालीत काकू म्हणजे काका, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण मग जरा वेळ कुठेतरी गेले. १९७५ ते ७८ ते नागपुरात शिकायला होते आणि तिन्ही वर्षं तिथल्या महाल भागातल्या एका खानावळीत जेवले. ती खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळी मुलं काकू म्हणत. कोण किती दिवस जेवायला आलं नाही त्याचे खाडे काकू वहीत मांडून ठेवत आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे न मागता परत करत. या काकूंबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या आता नाहीत, खानावळही नाही.

भाताच्या ढिगाजवळ सगळ्यात आधी आलं शुक्तो. कारलं, शेवग्याची शेंग, कच्चं केळं, वांगं, बटाटा आणि डाळीच्या वड्या, आपल्या सांडग्यांच्या जातीच्या. वर मोहरीचं वाटण आणि शेवटी दुधाचा हात. कडू, पण किती सौम्य! आपण सगळं एकदम वाढून घेतो आणि ताटात हवं तसं हिंडतो. इथे क्रम आहे. आधी कडू, मग डाळ आणि तळणी, मग भाज्या, मग मासा, मग मटण असेल तर ते, त्यानंतर आंबटगोड चाटणी आणि शेवटी मिठाई. प्रत्येक पदार्थाला थोडा भात राखून ठेवायचा. बाबांनी पहिल्याच शुक्तोला निम्मा भात संपवला, तेव्हा वाढपी न बोलता भाताचं भांडं घेऊन परत आला.

डाळ मुगाची, माशाचं डोकं घालून शिजवलेली. आलू-पोस्तो म्हणजे खसखशीत घोळवलेला बटाटा. कंपनी सरकारने बंगाल-बिहारच्या शेतांत अफू लावायला लावली, बोंडांतला चीक साहेब घेऊन गेला आणि मागे उरलेलं बी गरिबांच्या वाटणात आलं, असं खसखशीबद्दल इथे सांगतात. इतकी मऊ, शांत चव आणि तिच्यामागे ही कथा.

मग रुई माछेर कालिया. रुई म्हणजे आपला रोहू. बाबांनी तुकडा बोटांनी उघडला, काटे ओळीने पानाच्या कडेला लावले, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तं आपल्या तळ्याचीच मासोळी आहे." त्यानंतर जेवण संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ त्यांचे काटे काढणारे हात बघत होते. उठताना त्यांनी बाबांकडे पाहून मान हलवली, जाणकाराने जाणकाराला द्यावी तशी दाद.

वाढप्याने आमच्या पानापुढच्या वाट्यांवर एक नजर टाकली आणि गल्ल्याकडे तोंड करून सगळी यादी एका दमात म्हटली. एकही वाटी चुकली नाही.

शनिवार

आजचा दिवस कॉलेज स्ट्रीटचा. सकाळभर पुस्तकांच्या टपऱ्यांतून फिरलो. दुपारी प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या आसपासच्या गल्लीतलं 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल'. आधी नुसतंच हिंदू हॉटेल होतं. देश स्वतंत्र झाल्यावर नावामागे 'स्वाधीन भारत' लागलं. नेताजी विद्यार्थिदशेत इथे जेवत, असं इथे अभिमानाने सांगतात. जेवण कालच्यासारखंच साधं आणि नेटकं. पुंई शाक म्हणजे मायाळूची भाजी, मसूर डाळ आणि पाबदा माशाचं झाल. झाल म्हणजे मोहरीचा ठसका असलेला दाट रस्सा आणि झोल म्हणजे पातळ. हे दोन शब्द कळले की बंगाली फळा वाचायला सोपा जातो. पाबदा मी पहिल्यांदाच खाल्ला. लोण्यासारखा मऊ, मधला एक काटा उचलला की काम झालं. माशाच्या काट्यांना भिणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात पाबद्यापासून करावी.

मग रस्ता ओलांडून कॉफी हाऊस. ही १८७६ ची अल्बर्ट हॉलची इमारत. १९४२ मध्ये कॉफी बोर्डाने इथे कॉफी हाऊस उघडलं आणि १९५८ पासून ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. उंच छत, वरच्या मजल्यावर सज्जा, पांढऱ्या फेट्यातले वाढपी आणि शंभर टेबलांवरचा एकत्र आवाज. काळ्या कॉफीला इथे 'इन्फ्युजन' म्हणतात. कॉफी खरं सांगायचं तर साधारणच. पण एका कपावर दोन तास बसलेल्या मुलांना कोणी उठ म्हणत नाही, आणि हे मला कॉफीपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्या गावांत अशी बसायची जागा राहिली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

चार वाजता 'पॅरामाउंट'. १९१८ चं सरबताचं दुकान, संगमरवरी टेबलं. इथलं डाब सरबत घ्यावं: शहाळ्याचं पाणी, बर्फ आणि तळाला कोवळ्या खोबऱ्याचे मलईसारखे तुकडे. ही कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली असं सांगतात. मोठे रसायनशास्त्रज्ञ, देशी औषधांचा कारखाना काढणारे. पोरांना स्वस्तात पोटभरीचं पेय मिळावं हा त्यामागचा हेतू. बाबांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांनी ग्लास रिकामा केला, तळाचं खोबरं चमच्याने काढून खाल्लं आणि भिंतीवरची जुन्या थोरामोठ्यांची नावं एकेक करून वाचली.

दोघांत एक या नियमाने संध्याकाळी 'दिलखुशा केबिन'मधलं कबिराजी कटलेट घेतलं. हेही १९१८ चं. केबिन म्हणजे पडदे लावलेले छोटे कप्पे असलेलं उपाहारगृह. बायकांना, जोडप्यांना निवांत बसता यावं म्हणून ती सोय होती. कटलेटभोवती फेटलेल्या अंड्याची सोनेरी जाळी असते. कबिराज म्हणजे वैद्य, पण या तळणीचा वैद्याशी संबंध कसला? इंग्रजी 'कव्हरेज'चं ते कबिराजी झालं, असा इथला बहुतेकांचा खुलासा आहे. बाबांना तो पटला नाही. "वैद्याचं काहीतरी असलंच पाहिजे," असं ते मुक्कामी परत जाताना मेट्रोत दोनदा म्हणाले.

रविवार

पहाटे उठून सहाला टेरिटी बाजार, शहरातली जुनी चिनी वस्ती. पोद्दार कोर्टाच्या मागे रस्त्याकडेला बांबूच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांतून वाफ निघत होती. सारण भरलेले पाव, मोमो, फिश बॉलचं सूप. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं या शहरात राहायला लागली. साखर, सुतारकाम, चामडं, दात बसवणं अशा धंद्यांत त्यांनी नाव काढलं. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात भारतातल्या शेकडो चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. इथेच जन्मलेली माणसं, केवळ चेहऱ्यावरून. त्यानंतर कितीतरी जण कॅनडाकडे, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. आज या रस्त्यावर चिनी विक्रेते मोजकेच उरलेत आणि आठ वाजता तीच जागा भाजीवाले घेतात. सूप देणाऱ्या आजी बाबांशी बंगालीत बोलल्या, बाबा त्यांच्याशी हिंदीत, आणि दोघांचं छान चाललं होतं. पाव अप्रतिम होता. पण तो खाताना देवळी माझ्या मनातून गेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

दुपारी चितपूरला, नाखोदा मशिदीजवळ, १९०५ पासूनचं 'रॉयल इंडियन हॉटेल'. इथलं मटण चाप: सपाट ठेचलेला तुकडा, मोठ्या लोखंडी परातीत मंद आचेवर तुपातेलात तासन्‌तास मुरलेला. रुमाली रोटीत धरला की तुटतो. आमच्या नागपुरी सावजीचा जाळ इथे नाही. इथे केवडा आणि जायपत्रीचा वास आहे. बिर्याणी आली तेव्हा बाबांनी विचारलं, "बटाटा कुठे आहे?" कोलकात्याची बिर्याणी म्हणजे बटाटा, हे त्यांनी घरूनच वाचून ठेवलं होतं. रॉयलच्या बिर्याणीत मात्र बटाटा घालत नाहीत. तो शोध उद्यावर गेला.

रात्री पार्क स्ट्रीट. एका नावाजलेल्या ठिकाणी तासभर रांगेत उभं राहिलो. आत गेल्यावर पदार्थ गार आले आणि पानं उचलायची घाई सुरू झाली. बाबांनी काही खाल्लंच नाही. त्या झगमगाटाबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

सोमवार

आज उत्तरेला, बागबाजारला. याच भागात नबीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये रसगुल्ला केला असं बंगाल मानतो. ओडिशाचा दावा वेगळा आहे. २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१९ मध्ये ओडिशाच्याही. मला हा निकाल योग्य वाटतो. दोन्हीकडे पोरं तोच आनंद घेऊन वाढली आहेत.

पण मी बाबांना इथे आणलं ते एका पाटीसाठी. मराठा डिच लेन. १७४२ मध्ये आमच्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांचं सैन्य भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर आलं, आणि घाबरलेल्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बारगीर या आपल्या शब्दाचा इथे बर्गी झाला. बाळाला निजवताना बंगाली आया अजूनही म्हणतात की गल्ली शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता खंडणी द्यायची कशी. १७५१ च्या तहात दरसाल बारा लाखांची चौथ ठरली तेव्हा हे थांबलं. खंदक पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आणि त्याच रस्त्याच्या उत्तरेकडच्या भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्रांचं नाव आहे.

महालात राहणाऱ्या आम्हा माणसांना भोसल्यांचा वाडा रोजच्या वाटेवर लागतो. शाळेत हे सगळं आम्ही स्वारी म्हणून शिकलो. त्या गल्लीत उभं राहून अंगाईतला तो 'धान खाऊन टाकलं' आठवला आणि चार दिवस आमच्या पानात पुन्हापुन्हा पडणारा भात आठवला. बाबा शिक्षक असूनही काही बोलले नाहीत. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

तिथून गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी यांचं दुकान, १८४४ चं. सगळे नुसतं 'नकुर' म्हणतात. बसायला जागा नाही, रस्त्यावर उभं राहून खायचं. हिवाळा म्हणजे नोलेन गूळ, खजुराच्या ताज्या रसाचा. या गुळाला धुराचा हलका वास असतो, आपल्या उसाच्या गुळात तो सापडणार नाही. संदेशात दोन घराणी: कडापाक टणक आणि टिकाऊ, नरमपाक मऊ आणि त्याच दिवशी संपवायचा. जलभरा संदेश फोडला की आतून पातळ गूळ वाहतो. ही युक्ती चंदननगरच्या सूर्यकुमार मोदकांची, जावयाची फजिती करायला एका जमीनदाराने करवून घेतलेली, अशी गोष्ट सांगतात. आईसाठी कडापाकाचे दोन डबे बांधून घेतले.

बहूबाजारात 'भीमचंद्र नाग' हे १८२६ चं दुकान. तिथे लेडीकेनी खाल्ली, गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी कॅनिंग यांच्या नावाची, पाकातली, गुलाबजामच्या कुळातली. भिंतीवरच्या कुक अँड केल्वी कंपनीच्या घड्याळात आकडे बंगाली आहेत. साहेबी कंपनीने मिठाईवाल्यासाठी मुद्दाम तशी तबकडी केली, हे बाबांना इतकं आवडलं की त्यांनी त्या घड्याळाचा फोटो काढायला लावला.

रात्री न्यू मार्केटजवळच्या 'अमिनिया'त बटाटा सापडला. केशरी, मटणाचा रस प्यायलेला, अख्खा. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह कोलकात्याच्या मटियाबुर्जला येऊन राहिले आणि मटण परवडेना म्हणून त्यांच्या स्वयंपाक्यांनी बटाटा घातला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. नवाबांना सालिना बारा लाखांची तनखा होती, म्हणजे भोसल्यांच्या चौथाईएवढीच, आणि त्यांचा प्राणिसंग्रह तेव्हा प्रसिद्ध होता. बटाटा त्या काळी नवलाईचा होता. चांगल्या स्वयंपाक्याने त्यात मटणाचा रस किती मुरतो हे पाहिलं आणि तो ठेवला, एवढंच असावं.

मंगळवार

मुंबई मेल रात्रीची. सकाळी न्यू मार्केटमध्ये 'नाहूम'चा प्लम केक घेतला. बगदादहून आलेल्या यहुदी कुटुंबाची ही बेकरी १९०२ पासूनची.

शेवटचं जेवण जानबाजारच्या 'सिद्धेश्वरी आश्रम'मध्ये ठरवलं होतं. बाबांच्या पोटाला काल रात्रीची बिर्याणी जड झाली होती आणि ते नुसता दहीभात खाईन म्हणत होते. वाढप्याने त्यांच्याकडे पाहिलं, फळ्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काकू, कबिराजी झोल."

तो आला. पातळ, जवळजवळ पारदर्शक रस्सा, त्यात कच्चं केळं, बटाटा आणि माशाचा एक तुकडा. तिखट नाही, मसाल्याचा भार नाही. तापातून उठलेल्या माणसासाठी वैद्य सांगतो तसला. बाबांनी भातावर रस्सा ओतला, कालवला, एक घास घेतला. "बघ, वैद्याचं होतंच," असं म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा बसला.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे याआधी कधी सांगितलं नव्हतं. १९७७ मध्ये त्यांना विषमज्वर झाला होता. घर लांब, घरी कळवलेलं नव्हतं. खानावळीतल्या काकू एकवीस दिवस दोन्ही वेळेला मऊ भात आणि मुगाचं पाणी त्यांच्या खोलीवर पाठवत होत्या. महिना संपल्यावर बाबा पैसे द्यायला गेले तर काकूंनी वही उघडून दाखवली. त्या एकवीस दिवसांपुढे खाडा लिहिलेला होता.

झोल संपला. वाढप्याने न विचारता आणखी थोडा भात वाढला आणि बाबांनी तोही डाळीबरोबर संपवला. वाट्यांची यादी गल्ल्याकडे गेली. बाबांनी पैसे स्वतः दिले, चिठ्ठी घडी करून खिशातल्या डायरीत ठेवली आणि निघताना सवयीने मराठीतच म्हणाले, "बरं, येतो."

गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांना आश्चर्य वाटलं नाही. बंगालीतही निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'आशी' म्हणतात, येतो. त्यांनी चष्मा वर केला, हात जोडले आणि म्हणाले, "आशून."